दहापैकी किती?

कॅन्सरच्या रुग्णाला वेदनेविषयी जवळजवळ सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तर आत्ता किती? रुग्ण म्हणतो, सहा. परिचारिका केसपेपरवर सहा लिहिते आणि पुढच्या खाटेकडे वळते. हा आकडा आता केसपेपरवरून टॅब्लेटवर आणि तिथून रुग्णाच्या स्वतःच्या फोनवर आला आहे. काही ठिकाणी तर रुग्णाला न विचारता, त्याच्या चेहऱ्यावरून, झोपेवरून, मनगटावरच्या घड्याळावरून तो काढण्याचा उद्योग सुरू आहे. डॉक्टर, परिचारिका, सॉफ्टवेअर लिहिणारे आणि रुग्णांचे नातेवाईक यांनी लिहिलेला हा संग्रह त्या उद्योगाविषयी आहे. संपादन करताना आम्ही प्रत्येक लेखकाच्या मागे एकच टुमणं लावलं होतं: सहा लिहिल्यावर पुढे कोण, किती वेळात, काय करतं ते सांगा. ज्या साधनाबद्दल हे सांगता आलं, ते साध्या बटणांच्या फोनवरचं असलं तरी आम्ही गंभीरपणे घेतलं.

कॅन्सर म्हणजे वेदना हे लोकांच्या मनातलं समीकरण पूर्ण खरं नाही, पण फारसं खोटंही नाही. जगभरच्या अभ्यासांचा एक मोठा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार उपचार चालू असलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्के आणि आजार पसरलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्णांना वेदना असते. बरं करण्याच्या हेतूने दिलेले उपचार संपल्यानंतरही सुमारे ३९ टक्के लोक दुखणं घेऊन जगत असतात. हा शेवटचा गट हिशेबात फारसा धरला जात नाही. ‘कॅन्सर गेला ना, मग आता काय?’ असं त्यांना घरचेच ऐकवतात. भारतात दरवर्षी कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण सापडतात, हे लक्षात घेतलं की या टक्क्यांमागे किती घरं आहेत याचा अंदाज येतो.

शिवाय वेदना एका जातीची नसते. हाडात पसरलेल्या गाठीचा ठणका वेगळा, किमोनंतर तळपायांना येणाऱ्या मुंग्या आणि आग वेगळी, रेडिएशनचा शेक घेतल्यावर तोंड सोलवटून घोट गिळताना उठणारी कळ आणखी वेगळी. डॉक्टरसाठी हा फरक रोजच्या व्यवहाराचा आहे. हाडाच्या ठणक्याला कधी कधी रेडिएशनच्या एका मात्रेनेही चांगला उतार पडतो. मज्जातंतूंच्या आगीला नुसतं मॉर्फिन पुरत नाही, गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलीनसारखी वेगळ्या घराण्याची औषधं जोडावी लागतात. ‘सहा’ या आकड्यातून यातलं काहीच समजत नाही. म्हणूनच वेदना मोजण्याचा इतिहास हा बराचसा त्या एका आकड्यात न मावणाऱ्या गोष्टी पकडण्याचा इतिहास आहे.

तो फार जुना नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. जखमेकडून मेंदूकडे जाणारा संदेश वाटेत, मज्जारज्जूतच कमीजास्त होऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. जखम तेवढीच असूनही वेदना वेगवेगळी का असते, याला शास्त्रात जागा मिळाली. त्याच दशकात लंडनमध्ये सिसिली सॉण्डर्स मरणासन्न रुग्णांच्या खाटेशी बसून त्यांचं बोलणं टिपून घेत होत्या. शरीराचं दुखणं, मनाची घालमेल, घरच्यांची आणि पैशांची चिंता, ‘हे मलाच का’ हा प्रश्न, या सगळ्यांच्या बेरजेला त्यांनी संपूर्ण वेदना म्हटलं आणि १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. मेलझॅक यांनी १९७५ मध्ये शब्दांची प्रश्नावली आणली, ज्यात रुग्णाने आपल्या दुखण्याला लागू पडणारे शब्द निवडायचे. दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करायची पद्धत त्याच सुमारास रुळली. अमेरिकेत चार्ल्स क्लीलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वेदनेमुळे झोप, चालणं, काम, माणसांत मिसळणं यांपैकी काय अडतं, हे विचारायला सुरुवात केली. कॅनडातल्या एडमंटनमध्ये एदुआर्दो ब्रुएरा यांनी १९९१ मध्ये वेदनेच्या शेजारी थकवा, मळमळ, भूक, बेचैनी यांनाही जागा दिली. आजची बहुतेक ॲप्स वरकरणी कितीही चकचकीत असली, तरी आत विचारतात ते हेच जुने प्रश्न. यात काही वावगं नाही. पारखून घेतलेला प्रश्न टाकून नवा घडवायचा, तर त्याची पारख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

उपचाराच्या बाजूला १९८६ हे वर्ष मैलाचा दगड ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली: आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मग सौम्य ओपिऑइड, मग मॉर्फिन, तोंडावाटे आणि घड्याळाच्या काट्यावर. दुखायला लागल्यावर गोळी मागायची ही रीत मोडून, दुखू नये म्हणून ठरलेल्या वेळी गोळी द्यायची. २०१८ च्या सुधारित मार्गदर्शनात ही शिडी काटेकोर नियम म्हणून राहिली नाही, पण घड्याळ राहिलं. डिजिटल साधनांचं काम खरं तर इथेच सुरू होतं. वेळेवर द्यायच्या औषधाचा परिणाम जाणून घ्यायचा, तर वेदनेची नोंदही वेळच्या वेळी व्हायला हवी, आणि ती घरी व्हायला हवी. डॉक्टरला रुग्ण महिन्यातून दहा-पंधरा मिनिटं दिसतो. उरलेल्या महिन्याची हकीकत आठवणीवर सोडलेली असते.

आणि आठवण बेभरवशाची असते. रेडेलमायर आणि कानेमन यांनी १९९६ मध्ये टोरांटोतल्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की एखादी त्रासदायक तपासणी नंतर आठवताना माणसं तिची लांबी जवळजवळ विसरतात. सर्वांत वाईट क्षण आणि शेवट यांवरूनच ती मत बनवतात. मग वहीत रोज लिहून ठेवायला सांगावं, हा साधा उपाय झाला. त्याची झडती २००२ मध्ये एका अभ्यासाने घेतली. डिजिटल नोंदींच्या बाजूने इतका बोलका पुरावा आम्हाला दुसरा माहीत नाही. जुनाट दुखणं असलेल्या ८० जणांना आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी तीन आठवडे वेदनेची नोंद ठेवायला सांगितली. काहींना कागदी वही दिली, काहींना हातातलं छोटं यंत्र. वहीच्या बांधणीत उजेड ओळखणारा सेन्सर दडवलेला होता, त्यामुळे वही केव्हा उघडली ते नेमकं कळत होतं. परत आलेल्या वह्यांमध्ये ९० टक्के नोंदी वेळेवर भरल्याचं दिसत होतं. सेन्सरच्या साक्षीनुसार खऱ्या वेळेवरच्या नोंदी होत्या ११ टक्के. काही दिवस तर वही उघडलीच गेली नव्हती, तरी त्या दिवसांची पानं भरलेली होती. यंत्रावरच्या नोंदी ९४ टक्के वेळेवर होत्या. रुग्ण लबाड होते असं कुणी म्हणू नये. ओपीडीच्या आदल्या रात्री बसून मधुमेहाची वही भरणारे आपल्याही घरात असतात.

यानंतर हे क्षेत्र मोठ्या चालीने पुढे गेलं, आणि आज त्यात ढोबळमानाने तीन विचार नांदतात. त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही.

पहिला म्हणतो, रुग्णालाच विचारा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये एथन बाश यांनी केलेली चाचणी हा या पंथाचा आधारस्तंभ. पसरलेला कॅन्सर असलेल्या, किमो चालू असलेल्या ७६६ रुग्णांपैकी एका गटाने वेदनेसह १२ लक्षणं संगणकावर नोंदवायची. लक्षण बिघडलं की परिचारिकेला ई-मेल जायचा. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात या गटाचं मध्य आयुर्मान ३१.२ महिने निघालं, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांचं २६ महिने. एखाद्या नव्या औषधाने इतका फरक पाडला असता तर त्याची किंमत लाखांत गेली असती. त्यामुळे बातम्या झाल्या आणि कंपन्याही उभ्या राहिल्या. बातम्यांतून निसटली ती गोष्ट अशी, की परिचारिकांनी तीन चतुर्थांशांहून अधिक सूचनांवर प्रत्यक्ष काही ना काही केलं होतं: फोन केला, औषध बदललं, बोलावून घेतलं. आणखी एक, संगणकाची सवय नसलेल्यांना फायदा जास्त झाला होता. पुढे अमेरिकेतल्या ५२ केंद्रांवर हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. त्यात जगण्याची प्रत सुधारली, तातडीने इस्पितळ गाठण्याची वेळ लांबली, पण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. आमच्या मते हा निकाल निराशेचा नाही. कमी दुखत जगणं हे स्वतःच उद्दिष्ट आहे, त्याला आयुष्यवाढीची शिफारसपत्रं कशाला हवीत?

या पंथात मुलांसाठीचं एक काम फार देखणं आहे. टोरांटोच्या सिक किड्स रुग्णालयात जेनिफर स्टिन्सन यांच्या गटाने ‘पेन स्क्वॉड’ हे ॲप केलं. त्यात कॅन्सर झालेलं मूल पोलीस दलात भरती होतं, दिवसातून दोनदा वेदनेची नोंद करणं ही त्याची कामगिरी, आणि नोंदी होत गेल्या की बढती. कॅनडातल्या पोलिसी मालिकांमधले नटनट्या व्हिडिओतून त्याची पाठ थोपटतात. उपचारांनी गळून गेलेल्या मुलाला रोज तेच प्रश्न विचारायचे तर काहीतरी मोबदला द्यावा लागतो, हे यांनी ओळखलं. मोठ्यांच्या ॲप्समध्ये हा विचार अजून क्वचितच दिसतो.

दुसरा पंथ म्हणतो, सांगता न येणाऱ्यांचं काय? वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा बोलून दाखवणं हा वेदना व्यक्त करण्याचा केवळ एक मार्ग आहे, असं स्पष्ट नोंदवलं. ऑस्ट्रेलियात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी फोनच्या कॅमेऱ्याने चेहऱ्यावरचे बारीक बदल टिपणारं ‘पेनचेक’ वापरात आहे. घड्याळातून झोप आणि हालचाल, डॉक्टरांच्या टिपणांतून वेदनेचे उल्लेख शोधणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, हे सगळं याच वाटेवरचं. या पंथाबद्दल आम्ही साशंक आहोत, आणि संग्रहात त्यावर वादही आहे. यंत्र ज्या चेहऱ्यांवर शिकलं त्यांत आपले चेहरे किती होते, हा प्रश्न आहेच. त्याहून मोठी भीती अशी, की उद्या रुग्ण आठ म्हणेल आणि यंत्र चार म्हणेल, तेव्हा आपण यंत्राचं ऐकू.

तिसरा पंथ मोजण्यापलीकडे जाऊन उपचारच यंत्रातून करू पाहतो. त्याचा पूर्वज म्हणजे रुग्णाने बटण दाबलं की ठरावीक मात्रा सोडणारा आणि ठरावीक मर्यादेपुढे न सोडणारा पंप. तो आता मोठ्या शस्त्रक्रियांनंतर सर्रास दिसतो. वॉशिंग्टन विद्यापीठात भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंगच्या वेळी आभासी बर्फाच्या जगात नेण्याचा प्रयोग झाला. तीच कल्पना आता कॅन्सरच्या वॉर्डात येते आहे. बॉस्टनमधल्या एका ॲपची हकीकत इथे सांगायलाच हवी. रुग्णाने वेदना नोंदवली की गरजेप्रमाणे सल्ला किंवा थेट परिचारिका, अशी त्याची रचना होती. वेदना कमी झाली, वेदनेपायी रुग्णालयात भरती होणंही कमी झालं, पण ॲप वापरणाऱ्यांची चिंता वाढलेली आढळली. दुखणाऱ्या जागेकडे वारंवार लक्ष वेधलं की मन तिथेच घुटमळतं, हे घरातल्या कुठल्याही आजीने सांगितलं असतं. पण चाचणीत दिसल्यामुळे आता किती वेळा विचारायचं हाही संशोधनाचा विषय झाला आहे.

भारतात ही चर्चा वेगळ्या जमिनीवर उभी राहते. मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं, तिची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात ती होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचं असं जंजाळ उभं राहिलं, की १९९७ पर्यंत वैद्यकीय मॉर्फिनचा देशातला वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. औषध दुकानांनी ते ठेवणं सोडलं, आणि डॉक्टरांची एक पिढी ते न हाताळताच पदवीधर झाली. मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू केलं, पुढे गोव्यातही त्याची शाखा झाली. पुण्यात वारज्याला १९९७ मध्ये सिप्लाचं उपशामक चिकित्सा केंद्र आलं. कोळिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या कामातून केरळमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जाळं तयार झालं. तिथे स्वयंसेवक घरी जाऊन दुखणं विचारतात. राजगोपाल आणि इतरांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि अनेक परवान्यांऐवजी एक पुरेसा झाला. कागदावर वाट मोकळी झाली, तालुक्याच्या गावात ती अजून मोकळी नाही.

याच्यावर २०२० च्या दूरवैद्यकाच्या नियमांची भर पडली. त्यांनुसार अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत. व्यसन आणि गैरवापर यांची धास्ती निराधार नाही. अमेरिकेत ओपिऑइडच्या बेसुमार विक्रीने काय झालं ते सर्वांनी पाहिलं. पण परिणाम असा, की गडचिरोलीतल्या रुग्णाचा ‘आठ’ हा आकडा क्षणात परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पोचू शकतो आणि त्यावरचं औषध त्याच वाटेने परत येऊ शकत नाही. त्यासाठी पुन्हा कुणाला तरी रेल्वेत बसून मुंबई गाठावी लागते, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा शोधावी लागते. डिजिटल साधनं बनवणाऱ्या तरुण अभियंत्यांना आम्ही हा नियम आधी वाचायला सांगतो.

दुसरी अडचण फोनची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. म्हणजे आईची वेदना बऱ्याचदा मुलाच्या फोनवरून नोंदली जाणार. मुलगा कामावरून आल्यावर विचारणार, आणि आई त्याला त्रास नको म्हणून दोनने कमी सांगणार. नातेवाईकाने भरलेला आकडा आणि रुग्णाने भरलेला आकडा वेगळे ठेवण्याची सोय ज्या ॲपमध्ये नाही, ते आपल्याकडे चालवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट तंबाखूची. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण मोठं आहे. जबडा किंवा जीभ काढलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्याच्यासाठी आवाजावर चालणारी फोनसेवा कुचकामी आणि बोटाने निवडायची चित्रं मोलाची. लिहितावाचता न येणाऱ्या, पण बोलता येणाऱ्या बाईसाठी नेमकं उलट. इंग्रजीतून आणलेल्या ॲपचे शब्द मराठीत बदलून भागत नाही ते यामुळे. जीवनमानाच्या काही प्रश्नावल्या मराठीत आणून टाटा मेमोरियलमध्ये तपासल्या गेल्या आहेत, पाया म्हणून त्या उपयोगी आहेत. पण ‘जिना चढताना त्रास होतो का’ या प्रश्नाला कौलारू घरातल्या माणसाने काय उत्तर द्यावं, हे पुन्हा पाहावं लागतं.

मग आत्ताच हे पुस्तक का? फोन स्वस्त झाले आहेत, सरकारी ई-संजीवनीसारखी सेवा खेड्यापर्यंत गेली आहे, आणि आरोग्याच्या नोंदी डिजिटल करण्याची घाई सर्वत्र आहे. घाईत जी रचना ठरेल ती पुढची वीस वर्षं पाय रोवून बसेल. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण वेदनेची नोंद विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती लागली तर काय, याची चर्चा मराठीत व्हायला हवी तितकी होत नाही. आशा कार्यकर्तीच्या हातात आणखी एक ॲप देताना तिच्याकडे आधीच किती आहेत, हेही कुणी मोजत नाही.

या संग्रहात कुठल्याही ॲपची शिफारस नाही. दुकानात मिळणाऱ्या वेदनाविषयक ॲप्सचे आढावे घेणाऱ्या संशोधकांना बहुतेकांच्या घडणीत डॉक्टर-परिचारिकांचा हात दिसला नाही, आणि परिणामांची चाचणी फारच थोड्यांची झाली होती. शिवाय आज असलेलं ॲप पुढच्या दिवाळीला असेलच असं नाही. त्याऐवजी, समोर आलेलं कुठलंही साधन पारखायचं कसं हे सांगण्याचा प्रयत्न इथे आहे. आमच्या लेखकांचं सगळ्यावर एकमत नाही आणि ते आम्ही घडवूनही आणलेलं नाही. चेहरा वाचणाऱ्या यंत्रांवरचे दोन लेख एकमेकांना सरळ छेद देतात. वाचकाने दोन्ही वाचावेत. तांत्रिक भाग डॉक्टरेतर वाचकाला कळेल असा ठेवला आहे, पण औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत.

ज्यांच्या घरी आत्ता कुणी दुखत पडलं आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. पहिल्या पानापासून वाचू नका. मॉर्फिनविषयीचा भाग आधी वाचा, तंत्रज्ञान नंतर. पुढच्या ओपीडीत वेदनेचा आकडा सांगण्याबरोबर तीन गोष्टी विचारून घ्या: रात्री दुखणं वाढलं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, तो कोण उचलेल, आणि औषध जवळात जवळ कुठे मिळेल. उत्तरं फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.